नॉर्दर्न व्हर्जिनियातल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र: गव्हर्नरला टीजे हायस्कूलच्या प्रवेशांबद्दल नको, शाळांच्या पैशांबद्दल विचारूया

मंडळी नमस्कार,

अ‍ॅशबर्न, ब्रॅम्बल्टन, साउथ रायडिंग, चँटिली, हर्नडन, सेंटरव्हिल आणि खाली पार वुडब्रिजपर्यंत पसरलेल्या आपल्या सगळ्या मराठी आईबाबांना हे पत्र आहे. ज्यांना मत आहे त्यांनाही आणि जे अजून एच-वन किंवा ग्रीन कार्डवर आहेत त्यांनाही, कारण मुलं सगळ्यांचीच इथल्या शाळेत जातात आणि टॅक्स सगळेच भरतात.

४ नोव्हेंबर २०२५ ला गव्हर्नरची निवडणूक झाली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अबिगेल स्पॅनबर्गर १५ पॉइंटच्या आसपास फरकाने जिंकल्या, व्हर्जिनियाच्या पहिल्या महिला गव्हर्नर होणार. लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून गझाला हाश्मी निवडून आल्या, हैदराबादला जन्मलेल्या, आयुष्याची जवळजवळ तीस वर्षं कॉलेजात शिकवलेल्या. आपल्या ग्रुपांवर दोन दिवस अभिनंदनाचे मेसेज चालले आणि मग दिवाळीच्या उरलेल्या कार्यक्रमांकडे सगळे वळले. मला वाटतं खरं बोलायची वेळ आत्ता आहे. निवडणुकीच्या आधी शिक्षणावर आपण बोललो ते बहुतेक सगळं अशा गोष्टींवर बोललो ज्या गव्हर्नरच्या हातात नाहीतच, आणि ज्या आहेत त्याबद्दल एकाही उमेदवाराला आपल्यापैकी कोणी विचारताना मी तरी पाहिलं नाही.

जरा मागे जाऊया. २०२१ ची निवडणूक सगळ्यांना आठवत असेल. रिपब्लिकन ग्लेन यंगकिन विरुद्ध डेमोक्रॅट टेरी मॅकऑलिफ. सप्टेंबरच्या शेवटी अलेक्झांड्रियाला डिबेट झालं, त्यात मॅकऑलिफ म्हणाले की शाळांनी काय शिकवावं हे पालकांनी सांगावं असं मला वाटत नाही, आणि पुढचा सगळा महिना ते एक वाक्य टीव्हीवर वाजत राहिलं. एक्झिट पोलमध्ये अर्थव्यवस्थेच्या खालोखाल शिक्षण हा मुद्दा आला, यंगकिन दोन टक्क्यांहून कमी फरकाने जिंकले, २००९ नंतर राज्यभरच्या निवडणुकीत रिपब्लिकन पार्टी पहिल्यांदा जिंकली. त्या वेळी पालक चिडले ते उगाच चिडले असं मी अजिबात म्हणणार नाही. वर्षभर मुलं घरात स्क्रीनसमोर बसून होती, दोघं नोकरी करणाऱ्या घरांमध्ये काय हाल झाले ते आपण सगळ्यांनी भोगलंय, आणि शाळा कधी उघडणार याचं सरळ उत्तर कोणी देत नव्हतं. २०१९ ते २०२२ मध्ये व्हर्जिनियातल्या चौथीच्या मुलांचे राष्ट्रीय चाचणीतले मार्क वाचनात १० पॉइंटनी आणि गणितात ११ पॉइंटनी पडले, देशातल्या सगळ्यात मोठ्या घसरणींपैकी ही एक. लाउडनमध्ये तर त्यावर आणखी एक भयंकर प्रकरण झालं, एका विद्यार्थिनीवर शाळेत अत्याचार झाला, पुढे स्पेशल ग्रँड ज्युरीने शाळा प्रशासनावर कडक ताशेरे ओढले आणि डिसेंबर २०२२ मध्ये बोर्डाने सुपरिंटेंडंटला काढून टाकलं. पालकांचा राग खरा होता आणि त्याला कारण होतं. मॅकऑलिफ यांचं ते वाक्य मला तेव्हाही चुकीचं वाटलं, आजही वाटतं.

पण त्या रागाचं पुढे काय झालं ते बघा. शपथ घेतली त्याच दिवशी, १५ जानेवारी २०२२ ला, यंगकिन यांनी पहिली ऑर्डर काढली ती फूट पाडणाऱ्या संकल्पना शाळेत शिकवू नयेत यासाठी, दुसरी मास्क ऐच्छिक करणारी. मग पालकांनी शिक्षकांच्या तक्रारी कराव्यात म्हणून ईमेल टिपलाइन काढली, काही महिन्यांनी ती गुपचूप बंद झाली. इतिहासाच्या अभ्यासक्रमाचा मसुदा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आला, त्यात इथल्या मूळ रहिवाशांनाच पहिले स्थलांतरित म्हटलेलं होतं, गदारोळ झाला, परत लिहावा लागला, शेवटी २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजूर झाला. आणि या वर्षीच्या प्रचारात रिपब्लिकन उमेदवार विन्सम अर्ल-सिअर्स यांचा जोर होता ट्रान्सजेंडर मुलांनी कुठलं बाथरूम वापरायचं यावर, तिकडे वॉशिंग्टनहून शिक्षण खात्याने ऑगस्टमध्ये फेअरफॅक्स, लाउडन, प्रिन्स विल्यम, आर्लिंग्टन, अलेक्झांड्रिया या पाचही ठिकाणांना याच विषयावरून हाय रिस्क यादीत टाकलं, म्हणजे केंद्राच्या पैशांवर जादा अटी आल्या. चार वर्षांत दोन निवडणुका शिक्षणावर लढल्या गेल्या आणि एका वर्गात किती मुलं, शिक्षकाला पगार किती, छत गळतं का, रीडिंग स्पेशालिस्ट आहे का, हे मोठ्या आवाजात कोणी बोललंच नाही.

आता आपल्या घरातला लाडका विषय, टीजे. थॉमस जेफरसन हायस्कूल, फेअरफॅक्समधली विज्ञान-तंत्रज्ञानाची सरकारी शाळा, जिथे मोजक्याच मुलांना निवडून घेतात. मला माहितीये हे वाचताना काही जण चिडतील पण बोलायलाच हवं. २०२० च्या शेवटी फेअरफॅक्स काउंटीच्या स्कूल बोर्डाने प्रवेश परीक्षा रद्द केली, प्रत्येक मिडल स्कूलमधून वरच्या दीड टक्के मुलांना जागा राखल्या, आणि पहिल्याच वर्षी एशियन मुलांचं प्रमाण ७३ टक्क्यांवरून ५४ वर आलं. पालक कोर्टात गेले, २०२२ मध्ये जज क्लॉड हिल्टन यांच्याकडे जिंकले, २०२३ मध्ये फोर्थ सर्किटच्या अपील कोर्टात हरले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. ज्या मुलांनी सहावी-सातवीपासून तयारी केली त्यांना मध्येच नियम बदलल्याचं दुःख झालं ते मला समजतं, आमच्या ओळखीतल्या घरांमध्ये ते पाहिलंय. पण दोन गोष्टी. एक तर हा निर्णय फेअरफॅक्स स्कूल बोर्डाचा आहे, गव्हर्नरचा नाही. गव्हर्नर भाषण करू शकतो, अ‍ॅटर्नी जनरल चौकशी लावू शकतो, तशी २०२३ मध्ये लावलीही, पण प्रवेशाचा नियम काही राज्याच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, ठरत नाही. आणि दुसरं म्हणजे टीजेमध्ये दर वर्षी साधारण ५५० मुलं घेतात. व्हर्जिनियाच्या सरकारी शाळांमध्ये बारा लाखांहून जास्त मुलं आहेत. आपली मुलंसुद्धा बहुतेक सगळी याच बारा लाखांत आहेत, त्या ५५० मध्ये नाहीत. मग गव्हर्नरच्या निवडणुकीत आपला शिक्षणाचा सगळा श्वास त्या ५५० जागांवरच का खर्च होतो?

मग गव्हर्नरच्या हातात आहे तरी काय? खूप आहे.

राज्याचं बोर्ड ऑफ एज्युकेशन नऊ जणांचं असतं, ते गव्हर्नर नेमतो, मुदत चार वर्षांची. अभ्यासक्रमाचे निकष, राज्याच्या एसओएल परीक्षा, शाळांची मान्यता, हे सगळं तिथे ठरतं. एसओएलच्या पासिंगबद्दल आपल्याला वाटतं आपल्या मुलाला पास अ‍ॅडव्हान्स्ड, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी, मिळाली म्हणजे झालं, पण राष्ट्रीय चाचणीशी ताडून बघितलं तर व्हर्जिनियाची पासिंगची रेघ देशात सगळ्यात खालच्यांपैकी होती, आता ती टप्प्याटप्प्याने वर न्यायचं ठरलंय. हे योग्यच आहे असं माझं मत आहे. फक्त रेघ वर नेली आणि मुलांना तिथपर्यंत पोचवायला शिक्षक दिले नाहीत तर नापासांची यादी तेवढी लांब होईल, आणि ती यादी कुठल्या गावांतून येईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

युनिव्हर्सिट्यांची बोर्डंही गव्हर्नर नेमतो. यूव्हीए, जॉर्ज मेसन, व्हर्जिनिया टेक, जिथे आपली निम्मी मुलं जायची स्वप्नं बघतात. या जूनमध्ये यूव्हीएचे प्रेसिडेंट जिम रायन यांना केंद्राच्या दबावामुळे राजीनामा द्यावा लागला तेव्हा बोर्डावर कोण बसलंय याला किती महत्त्व आहे ते दिसलंच.

शिवाय एक नवीन गोष्ट येतेय. या जुलैमध्ये जो मोठा केंद्रीय टॅक्स कायदा झाला त्यात खाजगी शाळांच्या स्कॉलरशिपसाठी देणगी दिली तर १७०० डॉलरपर्यंत थेट टॅक्स क्रेडिट आहे, २०२७ पासून, पण राज्याने त्यात भाग घ्यायचा ठरवला तरच. म्हणजे हा निर्णय रिचमंडमध्ये होणार. तुमचं मत त्याच्या बाजूने असेल किंवा विरुद्ध, ते असायला तरी हवं ना.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते पैशांबद्दल, आणि ते थोडं सविस्तर सांगते, कंटाळू नका.

माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात कोणी ना कोणी मास्तर किंवा बाई असतील, त्यामुळे संचमान्यता हा शब्द ऐकून माहीत असेल. पट किती, त्यावर पदं किती मंजूर, कोण अतिरिक्त ठरणार, कोणाचं समायोजन कुठल्या लांबच्या गावी होणार. दर वर्षी घरात त्याची धास्ती असायची. तर व्हर्जिनियात पण अगदी तसाच प्रकार आहे, त्याला स्टँडर्ड्स ऑफ क्वालिटी म्हणतात, एसओक्यू. इतक्या मुलांमागे इतके शिक्षक, इतक्या मुलांमागे एक काउन्सेलर, असे आकडे धरून राज्य हिशोब करतं की एका डिव्हिजनला, म्हणजे एका काउंटीच्या किंवा शहराच्या शालेय विभागाला, शाळा चालवायला किती खर्च यायला हवा. मग त्या खर्चातला किती वाटा काउंटीने उचलायचा हे लोकल कंपोझिट इंडेक्सने ठरतं, त्यात निम्मं वजन तिथल्या मालमत्तेच्या किमतीला, चाळीस टक्के लोकांच्या उत्पन्नाला आणि दहा टक्के दुकानांतल्या विक्रीला. सरासरी काढली तर राज्य ५५ टक्के आणि काउंटी ४५ टक्के. फेअरफॅक्सला जवळपास दोन तृतीयांश स्वतः उचलावा लागतो, लाउडनला निम्म्याहून जास्त, आणि तिकडे नैर्ऋत्येला कोळशाच्या डोंगरांमध्ये ली काउंटी वगैरे आहेत त्यांना पाचव्या हिश्शाच्या आसपास. इथपर्यंत ऐकलं की वाटतं छान आहे की, श्रीमंताने जास्त द्यायचं, गरिबाने कमी.

घोळ पुढे आहे. हा हिशोबच मुळात कमी धरलेला आहे. विधिमंडळाची स्वतःची एक संशोधन संस्था आहे, जेलार्क, तिच्या रिपोर्टांवर दोन्ही पक्षांचा विश्वास असतो. तिने २०२३ च्या जुलैमध्ये शाळांच्या फंडिंग फॉर्म्युल्यावर मोठा रिपोर्ट दिला. त्यात स्पष्ट लिहिलंय की व्हर्जिनियातल्या शाळांना एका मुलामागे देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पैसे मिळतात, म्हणजे मुलामागे साधारण १९०० डॉलर कमी. २०२१ च्या आर्थिक वर्षात एसओक्यूच्या हिशोबाने सगळ्या राज्यातल्या शाळा चालवायला १०.७ अब्ज डॉलर पुरायला हवे होते, प्रत्यक्षात शाळांनी खर्च केले १७.३ अब्ज. मधले ६.६ अब्ज कुठून आले? काउंट्यांच्या खिशातून. आणि इथेच सगळा फरक पडतो, कारण लाउडनकडे डेटा सेंटरं आहेत, अ‍ॅशबर्नमध्ये आपल्या घरांच्या खिडक्यांतून दिसतात ती, त्यांच्या टॅक्सचा एवढा पैसा येतो की आपला घराचा टॅक्स रेट खाली आणूनही शाळांना देता येतं. ली काउंटीकडे काय आहे? खाणी बंद होत गेल्या, तरुण लोक गाव सोडून गेले, तिथे राज्याचा हिशोब जेवढा म्हणतो त्याच्यावर फार काही घालायची ताकद नाही. म्हणजे राज्याने हिशोब कमी धरला की आपल्याकडे ती तूट भरून निघते, तिकडे ती तूट मुलांच्या अंगावर पडते.

हिशोब कमी कसा धरतात त्याच्याही युक्त्या आहेत. शिक्षकांच्या पगाराची सरासरी काढताना अशी पद्धत वापरतात की मोठ्या डिव्हिजनचे जास्त पगार त्यात पूर्ण दिसतच नाहीत. २००९ च्या मंदीत राज्याला पैसे वाचवायचे होते म्हणून सपोर्ट स्टाफच्या मंजूर पदांवर मर्यादा घातली, ऑफिसातले लोक, देखभालीचे, आयटीचे, सगळे त्यात आले. मंदी संपली, मर्यादा राहिली, डेमोक्रॅट गव्हर्नर आले गेले, रिपब्लिकन आले गेले, पंधरा वर्षं कोणी हात लावला नाही, आत्ता कुठे अलीकडच्या बजेटांमध्ये ती सैल व्हायला लागलीये. एका मंदीत जन्मलेली मुलं हायस्कूलला पोचली तेवढ्यात. आणि २०२३ च्या जानेवारीत तर राज्याच्या शिक्षण खात्याच्या कॅल्क्युलेटरमध्येच चूक निघाली, किराण्यावरचा टॅक्स कमी झाल्याचा हिशोब त्यात धरलाच नव्हता, आणि सगळ्या डिव्हिजनना मिळून २०१ दशलक्ष डॉलर कमी मिळणार असं वर्षाच्या मध्यात कळवण्यात आलं. श्रीमंत डिव्हिजनला तो धक्का पचतो. जिचं अर्ध्याहून जास्त बजेट राज्याकडूनच येतं तिने शिक्षकांची भरती करून ठेवली असेल तर काय करायचं?

इमारतींचं पण बघा. राज्यातल्या निम्म्याहून जास्त शाळांच्या इमारती पन्नास वर्षांहून जुन्या आहेत, त्या सगळ्या बदलायच्या तर २४ अब्ज डॉलरहून जास्त लागतील असा राज्याच्याच आयोगाचा अंदाज आहे. हॅलिफॅक्स काउंटीने २०१९ मध्ये एक मार्ग काढला, लोकांची मतं घेऊन विक्रीकर एक टक्का वाढवायचा आणि तो पैसा फक्त शाळेच्या इमारतींना वापरायचा. लोकांनी भरभरून हो म्हटलं, स्वतःवर टॅक्स लावून घेतला. पण इथे काउंटीला असं काही करायचं असेल तर आधी विधिमंडळाची परवानगी लागते, ती आत्तापर्यंत मोजक्या ठिकाणांना मिळाली. सगळ्याच काउंट्यांना हा हक्क द्या असं बिल २०२४ मध्ये पास झालं, यंगकिन यांनी व्हीटो केला, २०२५ मध्ये परत पास झालं, परत व्हीटो. याला म्हणतात गव्हर्नरच्या हातातली गोष्ट. एका सहीने पन्नास वर्षं जुनी शाळा नवी होते किंवा तशीच राहते. आणि हा विषय आपल्या एकाही चर्चेत आला नाही, कारण आपल्या शाळा नव्याकोऱ्या आहेत.

कोणी म्हणेल, ली काउंटीचं आपल्याला काय? आधीच आपला टॅक्स रिचमंडला जातो आणि तिकडे वाटला जातो, अजून किती द्यायचं? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय आणि तो प्रामाणिक आहे. माझं उत्तर असं की कमी धरलेल्या हिशोबाने आपलंही नुकसानच होतं. फॉर्म्युला खरा खर्च धरायला लागला तर लाउडन आणि फेअरफॅक्सलाही राज्याकडून जास्त पैसे येतील, आज जे आपण घराच्या टॅक्समधून भरतो त्यातला काही भार कमी होईल. फेअरफॅक्सचे सुपरवायझर, म्हणजे काउंटी बोर्डाचे सदस्य, दर वसंतात रडतात की रिचमंडकडून पुरेसा वाटा येत नाही, ते काही खोटं रडत नाहीत. इंग्लिश शिकणारी मुलं, स्पेशल एज्युकेशनची मुलं आपल्याकडेही हजारोंनी आहेत, त्यांचा खरा खर्च राज्याच्या हिशोबात नीट धरलेला नाही. आणि शिक्षकांचं काय? लाउडनमध्ये शिकवणारे कितीतरी शिक्षक वेस्ट व्हर्जिनियातून किंवा विंचेस्टरकडून रोज तास-तास गाडी चालवत येतात, कारण ज्या गावातल्या मुलांना ते शिकवतात त्या गावात त्यांना घर परवडत नाही. आमच्या मुलाच्या वर्गाला गेल्या वर्षी बराच काळ कायमचा गणिताचा शिक्षक नव्हता, सबस्टिट्यूटवर चाललं, आम्ही कुमॉनची शिकवणी लावून वेळ निभावली. ज्याला कुमॉन परवडत नाही त्याने काय निभावायचं? स्पॅनबर्गर यांनी प्रचारात म्हटलंय की शिक्षकांचे पगार राष्ट्रीय सरासरीपर्यंत नेणार. चांगली गोष्ट आहे. पण पगारवाढ जाहीर करताना राज्य आपल्या फॉर्म्युल्यात बसणाऱ्या पदांपुरतेच पैसे देतं, बाकीच्या शिक्षकांचे काउंटीने बघायचे, आणि त्यातही काउंटीने आपला वाटा घातला तरच. म्हणजे फॉर्म्युला तसाच ठेवून दिलेली पगारवाढसुद्धा गरीब काउंटीला ओझं होऊ शकते. हे त्यांना विचारायला हवं.

या राज्यात गव्हर्नर आणि शाळा यांचं नातं किती जुनं आणि किती कडू आहे हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसतं, आपण नव्वदच्या दशकात किंवा त्याच्याही नंतर आलो. फार्मव्हिल नावाचं गाव आहे, रिचमंडच्या पश्चिमेला, इथून अडीच-तीन तासांवर. १९५१ च्या एप्रिलमध्ये बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने तिथल्या मोटन हायस्कूलमध्ये संप घडवून आणला, काळ्या मुलांची शाळा, जागा पुरत नाही म्हणून डांबरी कागद लावलेल्या झोपड्यांमध्ये वर्ग भरायचे. तिची मागणी काय होती, तर आम्हाला नीट इमारत द्या. त्यातून उभा राहिलेला खटला पुढे सुप्रीम कोर्टातल्या ब्राऊन केसमध्ये सामील झाला आणि १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरला. मग व्हर्जिनियाने काय केलं? १९५८ मध्ये गव्हर्नर लिंडसे आमंड यांनी एकत्र शिकवण्यापेक्षा शाळाच बंद केल्या, फ्रंट रॉयल, शार्लट्सव्हिल, नॉर्फोक, हजारो मुलं घरी. कोर्टाने ते हाणून पाडलं तर प्रिन्स एडवर्ड काउंटीने, म्हणजे फार्मव्हिलचीच काउंटी, १९५९ ते १९६४ पाच वर्षं एकही सरकारी शाळा चालवली नाही. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अ‍ॅकॅडमी निघाली. काळ्या मुलांची अख्खी पिढी शाळेविना राहिली, काही नातेवाइकांकडे दुसऱ्या गावी पाठवली गेली, बाकीची तशीच मोठी झाली. वॉशिंग्टनच्या कॅपिटलमधला जनरल लीचा, म्हणजे यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनापतीचा, पुतळा २०२० मध्ये काढला, त्याच्या जागी व्हर्जिनियातर्फे याच बार्बरा जॉन्सचा पुतळा बसवायचं ठरलं.

आणि १९७० मध्ये लिनवुड होल्टन गव्हर्नर झाले, रिपब्लिकन, त्यांनी रिचमंडमध्ये स्वतःच्या मुलीला हाताला धरून, बहुसंख्य मुलं काळी असलेल्या शाळेत नेऊन सोडलं. त्यांची दुसरी मुलगी अ‍ॅन होल्टन पुढे राज्याची शिक्षण सचिव झाली. एका गव्हर्नरने शाळांना कुलूप लावलं आणि बारा वर्षांनी दुसऱ्याने आपली मुलं त्याच सरकारी शाळांमध्ये घातली. हे वाचल्यापासून मला शाळांच्या बाबतीत गव्हर्नर कोण आहे याने काय फरक पडतो असं कोणी म्हटलं की गप्प बसवत नाही.

आपल्याला बोलता येत नाही असं तर मुळीच नाही. या वर्षी महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीचा जीआर निघाला तेव्हा आपल्या ग्रुपांवर दिवसरात्र चर्चा चालली, लोकांनी जीआरचे परिच्छेद तोंडपाठ केले, २९ जूनला तो रद्द झाला तेव्हा इथे पेढे वाटले गेले. चांगलंच झालं, मी पण त्यात होते. जिथे आपलं एकही मूल शाळेत नाही तिथल्या धोरणाचा एवढा अभ्यास आपण करू शकतो, तर जिथे आपली सगळी मुलं रोज पिवळ्या बसमध्ये बसून जातात तिथल्या फॉर्म्युल्याचा पण करू शकतो. आपल्यात एक्सेलवाले, डेटावाले, फायनान्सवाले किती आहेत! जेलार्कचा रिपोर्ट आपल्याइतका नीट वाचू शकणारे लोक या राज्यात फार नसतील.

वेळेचं गणित पण लक्षात घ्या. व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नाही, असा नियम असलेलं देशातलं हे एकमेव राज्य. बजेट दोन वर्षांचं असतं आणि ते जाणारा गव्हर्नर डिसेंबरमध्ये मांडून जातो. म्हणजे २०२६ ते २०२८ चं बजेट यंगकिन मांडणार, शपथ स्पॅनबर्गर जानेवारीत घेणार, आणि त्यांनी स्वतः आखलेलं पहिलं पूर्ण बजेट येईल २०२७ च्या डिसेंबरमध्ये, तोपर्यंत त्यांची निम्मी मुदत संपलेली असेल. त्यामुळे फॉर्म्युला बदलायचा तर या जानेवारीत बदलायला सुरुवात व्हायला हवी, विधिमंडळात दुरुस्त्या मांडून. अधिवेशन १४ जानेवारीला सुरू होतंय, साठ दिवसांचं. त्याच्या आधी बजेटवर राज्यात ठिकठिकाणी जनसुनावण्या होतात, तिथे कोणीही जाऊन दोन-तीन मिनिटं बोलू शकतं, तुमचा पासपोर्ट कुठला आहे हे कोणी विचारत नाही. एच-वनवाल्या मंडळींना मी हे मुद्दाम सांगतेय, मत नाही म्हणून आवाज नाही असं समजू नका. तुमच्या डेलिगेटचं आणि स्टेट सेनेटरचं ऑफिस तुमचा ईमेल वाचतं, घराचा पत्ता त्यांच्या मतदारसंघातला असला की झालं.

मी जे लिहिणार आहे ते सांगते, तुम्हाला पटलं तर तुमच्या शब्दांत लिहा, कॉपी पेस्ट नको, एकसारखे ईमेल आले की ते ऑफिसवाले एका ढिगात टाकतात. मी लिहिणार आहे की जेलार्कने २०२३ मध्ये ज्या दुरुस्त्या सुचवल्या त्यातल्या कुठल्या या अधिवेशनात येणार ते सांगा, तारखेसकट. पगाराची सरासरी खऱ्या आकड्यांवर काढा. सपोर्ट स्टाफवरच्या मर्यादेचं जे काही उरलंय ते कायमचं काढा. एक टक्का विक्रीकराचं बिल परत आणा आणि नव्या गव्हर्नरनी त्यावर सही करणार का ते आत्ताच स्पष्ट करावं. बोर्ड ऑफ एज्युकेशनवर माणसं नेमताना वर्गात शिकवलेली माणसं नेमा, आणि त्यातला एखादा तरी साउथसाइडचा, म्हणजे राज्याच्या दक्षिणेकडच्या ग्रामीण भागातला, किंवा डोंगराकडचा असू दे. एसओएलची रेघ वर जाणार आहे तर ज्या शाळांमध्ये सगळ्यात जास्त मुलं तिच्या खाली राहतील तिथे रीडिंग स्पेशालिस्ट कधी पोचणार ते सांगा. आणि खाजगी स्कॉलरशिपच्या त्या टॅक्स क्रेडिटबद्दल राज्य काय करणार याचा निर्णय लोकांसमोर चर्चा करून घ्या, एका दुपारी प्रेस रिलीज काढून नको.

टीजेबद्दल ज्यांना बोलायचंय त्यांनी फेअरफॅक्स स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जरूर जावं, ती त्याची योग्य जागा आहे, मी पण येईन ऐकायला. रिचमंडला लिहिताना मात्र हे बाकीचं लिहूया. जानेवारीतल्या सुनावणीला नॉर्दर्न व्हर्जिनियातून गाडी काढायची माझी तयारी आहे, तीन जणांची जागा आहे, कोण येतंय ते कळवा.

तुमची,
अ‍ॅशबर्नमधली एक आई